नाशकात समुद्र आणायचा, पण बाटलीतून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी कशी करावी यावर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होता. एक मुलगा हातात तारामासा धरून हसतोय आणि त्याच्यामागे टेबलावर प्रवाळाचा पांढरा तुकडा. समुद्रावर फिरायला गेलात की चार जीव बरोबर आणा, टाकीत सोडा, अधूनमधून कोळंबीचा तुकडा टाका, इतकं सगळं सोपं.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब डहाणूला जाऊन आलं. सोमवारी सकाळी सात वाजता त्यांचा चौथीतला मुलगा माझ्या दारात उभा. हातात पाण्याची एक लिटरची बाटली, झाकण घट्ट. आत पाच शंखखेकडे, लाल जेलीसारखा एक फाटका गोळा आणि बोटाएवढा मासा, पोट वर करून. पाणी ताकासारखं गढूळ. "आजोबा, हे झोपलेत ना?" असं त्याने विचारलं. मी झाकण फिरवलं आणि दुपारी आवरलेल्या मासळी बाजाराचा वास जिन्यात पसरला. पाचांतले दोन खेकडे जिवंत होते, तेही पाय ओढत. तो फाटका गोळा म्हणजे समुद्रफूल, खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी. खडकावरून नखाने खरवडून काढलेलं.

मुलावर रागवायचं कशाला? त्याने आपलं पान वाचलं होतं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कल्पना आहे. कात्री लावायची झाली तर माझं शहाणपण कापा, फजिती ठेवा. वाचकांना तीच जास्त उपयोगी पडेल.

मी अंबडच्या एका कारखान्यात ३४ वर्षं लेथवर काढली. राहायला सिडकोत. माझ्यासारख्या गोदाकाठच्या माणसाचा समुद्राशी संबंध तो किती? लहानपणी एकदा मुंबईला नेलं होतं, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आता बंद आहे. म्हणजे नाशिकच्या आजच्या पोराला जिवंत समुद्र काचेतून पाहायचा तर तीही सोय उरली नाही. माझं नशीब असं की सून डहाणूकडची मिळाली. मांगेला समाजातली, प्राणीशास्त्रात बी.एस्सी. झालेली, आणि तिचे आईवडील अजून समुद्रावरच पोट भरणारे. निवृत्तीनंतर घरात बसून मी सगळ्यांच्या कामात नाक खुपसायला लागलो, तेव्हा तिनेच सुचवलं, "बाबा, टाकी करा एक." तीन वर्षं झाली. २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ७० लिटर.

पहिल्यांदा पाणी आणायला गेलो तेव्हा गाडीत पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे चार रिकामे जार घातले होते. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, चारोटी असं करत पोचलो. विहीणबाई ओट्यावर बसून मासे सुकवायला पसरत होत्या. जार पाहून हसायला लागल्या. "व्याहीबुवा, पाणी न्यायला आलात? नाशिकची गंगा आटली की काय?"

पाणी कुठलं घ्यायचं हे त्यांनीच शिकवलं. खाडीच्या तोंडाजवळचं नको, तिथे गोडं पाणी मिसळतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिना-दीड महिना नकोच. भरती पूर्ण भरल्यावर, मोकळ्या किनाऱ्यावरचं घ्यायचं आणि जुन्या सुती साडीच्या दुहेरी पदरातून गाळायचं. गाळलेलं पाणी घरी आणून दहा दिवस अंधारात ठेवलं. खाली गाळ बसला, वरचं निवळ तेवढं नळीने टाकीत ओढलं.

खारटपणा मोजायला दुकानदाराने एक महागडं उपकरण दाखवलं. माझा हात खिशात जाईना. मग डोक्यात आलं, दुधाचा लॅक्टोमीटर काय मोजतो? घनताच की! चांगल्या दुधाचं वाचन २८ ते ३२ येतं, म्हणजे पाण्याच्या १.०२८ ते १.०३२ पट जड. समुद्राचं पाणी साधारण १.०२५. आकडे छापलेला लॅक्टोमीटर आणला (नुसता ‘डब्ल्यू’ आणि ‘एम’ लिहिलेला चालत नाही) आणि बरणीत सोडला. पंचवीसवर येऊन डुलत उभा राहिला. त्या दिवशी मला लेथवर पहिला जॉब बरोबर मापात उतरल्यासारखं वाटलं. पुढे मुलाने ते महागडं उपकरणही आणून दिलं. दोन्हींत एखाद्या आकड्याचा फरक पडतो. घरगुती टाकीला तेवढा चालतो.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, एवढा खटाटोप कशाला? लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे ७० लिटरला अडीच किलो मीठ. टाका नळाच्या पाण्यात, झाला समुद्र. हिशेब बरोबर, समुद्र चूक. समुद्राच्या एका लिटरमध्ये मिठाखेरीज सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम असतं, ०.४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, शिवाय पोटॅशियम आणि किती काय. खेकड्याला कवच बांधायला कॅल्शियम लागतं. स्वयंपाकाचं मीठ घातलं तर त्याला फक्त खारट पाणी मिळेल. ज्याला किनारा लांब पडतो त्याने मत्स्यालयासाठीचं तयार सागरी मीठ विकत घ्यावं, ते ‘आरओ’च्या पाण्यात कालवावं. त्यात कमीपणा काही नाही.

आता आपल्या पानात एका ओळीचंही स्थान न मिळालेली गोष्ट. पाणी भरलं म्हणून टाकी तयार होत नाही. प्राणी खातात, घाण करतात, त्या घाणीतून अमोनिया होतो आणि अमोनिया विष आहे. समुद्रात तो विरून जातो, ७० लिटरमध्ये तो जाणार कुठे? त्याला खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू वाळूवर, दगडावर, फिल्टरच्या स्पंजावर बस्तान मांडायला चार ते सहा आठवडे घेतात. सुनेने मला हे एका वाक्यात समजावलं, "बाबा, दही लावतोय असं समजा." किनाऱ्यावरची मूठभर ओली वाळू हे विरजण. दूध म्हणजे ते पाणी. जिवाणूंना खायला म्हणून कोळंबीचा एक तुकडा टाकून कुजू द्यायचा. आणि दही लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही, म्हणजे एकही जीव सोडायचा नाही.

नाशिकच्या डिसेंबरात विरजण लागायला उशीर होतो हे घराघरांत माहीत आहे. माझंही तसंच झालं. रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला, टाकीतलं पाणी १७ अंशांवर गेलं आणि परीक्षणाच्या नळीतला अमोनियाचा हिरवा रंग महिना झाला तरी पिवळा होईना. त्या किनाऱ्याचं पाणी वर्षभर कोमट, त्याला नाशिकची थंडी काय ठाऊक? १०० वॉटचा हीटर लावला, पाणी २६ वर आणलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. पहिला जीव टाकीत गेला तो त्रेपन्नाव्या दिवशी. बायको म्हणायची, पाण्याला एवढा झोत, एवढा दिवा, आणि आत कोणीच नाही. पाहुण्यांना सांगायची, "ह्यांनी पाणी पाळलंय."

मे महिन्यात उलटं. पंख्याखाली उघड्या टाकीतून रोज लिटर-सव्वा लिटर पाणी उडून जातं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. सुरुवातीला मी इमानेइतबारे जारमधलं समुद्राचं पाणी घालत होतो. लॅक्टोमीटर तिसावर गेला तेव्हा चूक कळली. पंखा मात्र बंद करू नका, त्यानेच पाणी दोन-तीन अंश थंड राहतं.

आणि आता ती फजिती. दुसऱ्या उन्हाळ्यात आमचं ‘आरओ’ यंत्र बिघडलं. आठवडाभर मी भर घालत होतो ती स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या पिंपातल्या पाण्याची. गाळलेलं, रात्रभर ठेवलेलं, प्यायला उत्तम. तिसऱ्या दिवशी काचेवरच्या गोगलगायी सुटून खाली पडायला लागल्या. शंखखेकडे अर्धे बाहेर येऊन लोंबकळले. समुद्रफूल मिटलं ते उघडेना. मासा तेवढा ठणठणीत. मला वाटलं प्राणवायू कमी पडला, पंप वाढवला. सहा गोगलगायी आणि तीन खेकडे गेल्यावर सुनेचा व्हिडिओ कॉल आला. तिला टाकी दाखवायला फोन फिरवला तर मागे ते पिंप दिसलं. "बाबा, पाणी त्यातून घालताय?"

तांबं! माशाला पेलेल इतकं तांबंही बिनकण्याच्या जीवांना मारतं. माशांच्या रोगावरच्या काही औषधांत तांबंच असतं. ज्या जिल्ह्यात द्राक्षबागांवर मोरचूद (तेही तांब्याचंच) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, तिथे राहून मला हे सुचू नये? ३४ वर्षं धातूंत हात काळे केले, पितळेची छिलकं ओळखायला मला चष्माही लागत नाही, आणि रोज ज्याच्यासमोर उभा राहून पाणी पितो ते पिंप दिसलं नाही. अर्धं पाणी बदललं, फिल्टरमध्ये कोळसा भरला, पंधरा दिवसांनी पुन्हा अर्धं बदललं. समुद्रफूल एकोणिसाव्या रात्री उघडलं. तेव्हापासून पिंपाच्या तोटीला लाल दोरा बांधलाय, मला आठवण राहावी म्हणून. येणारे-जाणारे नवस समजतात.

दुसरी फजिती छोटी. दर पंधरवड्याला दहा लिटर जुनं पाणी काढावं लागतं. पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मी ते कुंड्यांना घातलं. कढीपत्ता आणि मोगरा, दोन्ही गेले. मोगरा बायकोच्या माहेरून आणलेला होता, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

टाकीत आहे काय, असं कोणी विचारेल. बाजारात मिळणारे रंगीबेरंगी मासे नाहीत. दोन दगड आहेत, त्यांवर बार्नेकल. ओहोटीला खडकावर अनवाणी चाललात तर तळवा कापतं ना, ते पांढरं खरखरीत कवच, छोट्या ज्वालामुखीसारखं. मी जन्मभर त्याला शिंपलाच समजत होतो. ते खेकड्याच्या गोतातलं निघालं. पिल्लू असताना पोहतं, मग डोकं दगडाला चिकटवून जन्मभर तसंच राहतं आणि पायांनी खातं. टाकीपुढे भिंगाचा दिवा घेऊन बसलं की दिसतं. कवचाच्या तोंडाची दारं उघडतात, पिसासारख्या पायांचा झुपका बाहेर येतो, मुठीने हवा पकडल्यासारखा पाणी ओढतो, आत जातो. पुन्हा बाहेर. माझ्या दगडावर चाळीसेक आहेत आणि प्रत्येकाची लय वेगळी. शॉप फ्लोअरवर चाळीस मशिनं चालू असावीत तसं वाटतं. हे बघत मी अकरा अकरा वाजेपर्यंत बसतो.

समुद्रफूल एक आहे, रुपयाच्या नाण्याएवढं. दिवसा मिटलेलं, रात्री उघडतं. आठवड्यातून एकदा मसुराएवढा कोळंबीचा तुकडा चिमट्याने त्याच्या पाकळ्यांना लावायचा. आधी एक पाकळी वळते, मग शेजारच्या दोन, मग सगळंच फूल तुकड्याभोवती मिटतं. सुनेने सांगितलं, स्कॉटलंडमध्ये डॅलिएल नावाच्या गृहस्थाने १८२८ साली एक समुद्रफूल आणून बरणीत ठेवलं होतं. ते १८८७ पर्यंत जगलं. डॅलिएल केव्हाच गेला, फूल पुढच्या माणसांच्या हाती गेलं. मी बासष्टचा आहे. नातवाला आत्तापासून चिमटा धरायला शिकवतोय.

बाकी चार गोगलगायी, काचेसारखी एक करंदी, आणि शंखखेकडे. हा खेकडा कात टाकतो तेव्हा जुनं कवच पाय-नांग्यांसकट अख्खं बाहेर पडतं, अगदी मेल्यासारखं. पहिल्यांदा मी ते प्रेत समजून कुंडीत पुरलं. संध्याकाळी ‘मेलेला’ शंखातून डोकावत होता.

आता आणण्याविषयी. विहीणबाईंचा नियम तीन शब्दांचा आहे, "उपटायचं नाही, उचलायचं." जे दगडाला चिकटलंय ते दगडाचं. समुद्रफूल हवं तर मुठीत मावणाऱ्या सुट्या गोट्यावर बसलेलं शोधायचं, गोट्यासकट आणायचं. मला ते तिसऱ्या फेरीत मिळालं. दगड उलटून पाहिला तर होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला अंधारात जगणारी एक वस्ती असते, ती उन्हात वर राहिली की दुपारपर्यंत संपते. रिकामे शंख गोळा करून शोकेसमध्ये मांडणाऱ्यांना त्या फार बोलतात. "ती त्यांची घरं हायत," म्हणतात. वाढणाऱ्या शंखखेकड्याला पुढचा शंख त्यातूनच मिळतो.

वेळ ठरवायची तर त्यांचा हिशेब असा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास समुद्र सगळ्यात लांब गेलेला. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पण अष्टमीला भांग असते, पाणी फार लांब जात नाही. खडक उघडे पडतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. मी मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी हे ताडून पाहिलं, थोडाफार फरक पडतो. ओहोटीच्या दीड तास आधी खडकांवर जायचं आणि पाणी वळलं की मुकाट निघायचं. नाशिककरांना पाण्याची भीती पुराच्या दिवसांपुरती असते. समुद्र मागून येतो हे आपल्या अंगवळणी नाही. आणि लांबट कोनासारखा नक्षीदार शंख दिसला तर उघड्या हाताने उचलू नका, काहींना विषारी नांगी असते.

आणलेला जीव थेट टाकीत टाकायचा नाही. औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणायची, तिच्यातून टाकीचं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात दीड तास सोडायचं. उतावळेपणाने मरतात ते जीव याच टप्प्यावर.

कायद्याचंही बोलू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्यात वाघ आहे त्याच यादीत, प्रवाळ आहे, समुद्रघोडा आहे, समुद्रकाकडी आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. ‘सापडला’, ‘मेलेलाच होता’ हे चालत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम सुरू असताना वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं २०२० साली दुसरीकडे हलवली, तीसुद्धा वनखात्याची परवानगी घेऊन. एवढ्या मोठ्या सरकारी रस्त्याला जे विचारून करावं लागलं, ते आपल्या फोटोतल्या टेबलावर शोभेला ठेवलेलं आहे. तो तुकडा दुकानातला प्लास्टिकचा असेल तर तसं छापावं. खरा असेल तर त्याविषयी खुलासा छापावा, ही माझी पहिली विनंती.

विहीणबाईंचं गाव कोणतं ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं तर येत्या पौर्णिमेला त्यांच्या खडकांवर ‘एमएच १५’च्या दहा गाड्या उभ्या राहतील. हे मी उगाच म्हणत नाही. इंग्लंडात १८५०च्या दशकात हेच झालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यालय उघडलं, पुढच्या वर्षी गॉस नावाच्या निसर्गअभ्यासकाचं या छंदावरचं पुस्तक आलं आणि घराघरांत काचपेट्या बसल्या. गॉस स्वतः भाविक, हळुवार माणूस. पण त्याची पुस्तकं वाचून लोक छिन्न्या आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. वडिलांनी दाखवलेली ती डबकी आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, असं गॉसच्या मुलानेच पुढे लिहून ठेवलंय. माझं पत्र छापून तेच होणार असेल तर कृपया छापू नका.

मग करायचं काय? मुलांनी समुद्र पाहूच नये का? मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर हिंडवून जीव दाखवतात, आणि ते जिथले तिथे राहतात. सहल काढायची तर अशी काढावी. आणि नाशकात काचपेटी हवीच असेल तर ती घराघरांत नको, शाळेत एक असावी. एका शाळेला एक टाकी, एकाच किनाऱ्यावरचे दहा-बारा साधे जीव, खेकडे-गोगलगायी-बार्नेकल. दुकानातले मासे त्यात कधीच नकोत, त्यांचे रोग वेगळे. आणि टाकीत राहिलेला जीव कंटाळा आला म्हणून समुद्रात किंवा गंगेत सोडायचा नाही, हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावं. दही लागायचे सहा आठवडे मुलांनी रोज नळीतला रंग बघून वहीत नोंदवावा. पाचवीतल्या मुलाला तिथी, पाऊणपट, घनता, अमोनिया सगळं त्यातच येतं. पंचांग आणि लॅक्टोमीटर एकाच तासाला वर्गात न्यायला मिळणं ही काय कमी मजा आहे?

सोमवारच्या त्या मुलाच्या शाळेत मी तसं पत्र दिलंय. काच कापून, सिलिकॉन भरून टाकी मी बांधून देईन, पाणी मी आणीन. सुट्टीच्या दिवसांत भर घालायला आणि दिवा लावायला शिपाईमामा तयार हवेत, एवढीच अट. मुख्याध्यापकबाईंनी ‘बघू’ म्हटलंय. नाशिकमधल्या दुसऱ्या कोणा शाळेला हवं असेल तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी येऊन नेईन.

बाटलीतल्या दोन खेकड्यांपैकी एक बुधवारी गेला. दुसरा खायला लागलाय. मुलगा रोज शाळेतून आला की दप्तर न काढता टाकीपुढे बसतो. परवा आम्ही दोघं बघत असताना खेकड्याने कोपऱ्यातला रिकामा शंख गाठला. आधी नांगीने बाहेरून चाचपला, मग नांगी आत घालून फिरवली, अगदी आम्ही बोअरमध्ये कॅलिपर घालून फिरवायचो तशी. दहा मिनिटं माप चाललं होतं. मग एका झटक्यात जुन्यातून बाहेर, नव्यात आत. मधल्या अर्ध्या सेकंदात त्याची ती मऊ, वाकडी, उघडी शेपटी दिसली.

"आजोबा, त्याला लाज वाटली," मुलगा म्हणाला आणि त्याने टाकीचा दिवा बंद केला.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टर्नर
सिडको, नाशिक